पर्याय तिसरा: टेबल

मित्रांनो, मी एक जुनं जेवणाचं टेबल आहे. माझ्यावर जेवण कमी होतं, शाळाच जास्त भरते.

टेबल होण्याआधी मी झाड होतो. त्या दिवसांचं फारसं काही आठवत नाही. दुपारी खिडकीतून ऊन अंगावर आलं की कुठेतरी आपल्याला फांद्या आहेत असं वाटतं, एवढंच. मग सुताराने मला कापलं, रंधा मारला, पॉलिश केलं आणि म्हणाला, "हे जन्मात हलणार नाही." पहिल्याच आठवड्यात मी डुगडुगायला लागलो. सुतार प्रामाणिक होता. जमीन वाकडी होती.

या घरात शिवणकाम करणारी आई, तिचे वडील आणि तिची मुलगी भिंगरी राहतात. भिंगरी हे तिचं खरं नाव नाही. पण खऱ्या नावाने हाक मारली, तर कोणाला बोलावताहेत म्हणून ती मागे वळून बघते. ती शाळेत जात नाही, घरीच शिकते. अपूर्णांक ती आईच्या कापडावर शिकली, भूगोल आजोबांकडून, आणि वाचन माझ्याखाली पालथी पडून. ती मोठ्याने पुटपुटत वाचते, त्यामुळे माझंही शिक्षण झालं. मला एकोणतीसचा पाढा येतो. कोणी विचारत नाही.

घरी शिकणाऱ्या मुलांची वर्षातून एकदा प्रगती चाचणी होते. सगळ्यांना एकच पेपर. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, बरोबर असेल त्याचा गोल काळा करायचा. गेल्या वर्षी भिंगरीने चारही गोल काळे केले. सगळ्या प्रश्नांचे.

"अगं, का?" आईने विचारलं.

"एकालाच रंगवलं तर बाकीच्यांना काय वाटेल?"

"मुद्दा बरोबर आहे," आजोबा म्हणाले. आईने त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की ते कुंड्यांना पाणी घालायला निघून गेले. आमच्याकडे कुंड्या नाहीत.

भिंगरी नापास झाली. यंदाही गुण कमी पडले तर घरचं शिकणं बंद, आणि तिने शाळेत जायचं, असा नियम आहे. शाळा वाईट असते असं नाही. माझे कितीतरी नातेवाईक तिथे बाक म्हणून नोकरीला आहेत. पण भिंगरीला इथेच शिकायचं होतं. आणि खरं सांगू, माझ्याखाली कोणीच पुटपुटत नाही अशी दुपार मला मनातसुद्धा आणवत नव्हती.

ठरल्या दिवशी परीक्षक बाई घरी आल्या. मुलीने खुर्चीवर बसायचं, घरच्यांनी अवाक्षर काढायचं नाही, असं त्यांनी बजावलं. या घरात प्रश्न कोणीही कोणालाही विचारला तरी उत्तर सगळे देतात. म्हणून आजोबांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "आजोबा, जरा पाणी मिळेल का?"

आजोबा हलले नाहीत.

"बाबा, त्या पाणी मागताहेत," आई कुजबुजली.

"मला वाटलं, पेपरातला प्रश्न आहे."

ऊन हळूहळू माझ्यावर सरकत आलं. पेन्सिलीचा आवाज पानं सळसळावीत तसा येत होता. मी डुलकीच्या काठावर होतो, एकेक फांदी फुटू लागली होती, आणि पेन्सिल थांबली.

भिंगरीने प्रश्न ओठातल्या ओठात वाचला, म्हणून मला कळला. पुढीलपैकी निर्जीव कोण? मुंगी. गवत. टेबल. बाळ.

तिने हळूच तळहात माझ्यावर ठेवला. मी मनात म्हणत होतो, मी, अगं मीच, कर काळा. निर्जीव ठरायची एवढी घाई मला कधीच झाली नव्हती. मी जमेल तितका निर्जीव पडून राहिलो. नेमका तेव्हाच माझा पाय डुगडुगला.

"गप रे," ती पुटपुटली.

"कोणाशी बोलतेस?" बाईंनी विचारलं.

"कोणाशी नाही."

आपण हे काय बोललो, असं वाटून ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग तिने तिसरा गोल काळा केला. अगदी सावकाश, कडेच्या बाहेर जराही न जाता.

बाई गेल्यावर आईने विचारलं, "कसा गेला?"

"सगळं येत होतं. एका ठिकाणी खोटं लिहिलं."

"म्हणजे चुकलं?"

"नाही गं. बरोबर आहे, पण खोटं आहे."

निकाल लागेपर्यंत आईच्या शिवणीत नीट टाके पडेनात. भिंगरी पास झाली. त्या खोट्यालाही पूर्ण गुण मिळाला. आता ती पुन्हा माझ्याखाली पालथी पडून ज्वालामुखी वाचते आहे आणि मला वरून ऊन लागतं आहे.

मित्रांनो, परीक्षेत आम्हाला खुशाल निर्जीव लिहा. उगाच आमच्यापायी गुण घालवू नका. फक्त पेपर देऊन घरी आलात, की गरम पातेलं तसंच आमच्यावर टेकवू नका, आणि कंटाळा आला म्हणून कर्कटकाच्या टोकाने भोकं पाडू नका.

दुखतं.