हिरव्या चिठ्ठीखालचा आकडा

कपाटात रजईच्या मागे नवा कोरा एसएमपीएस सापडला आणि माझं डोकंच फिरलं. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. आमच्या कॉम्प्युटरला एक आहे, तो मी बसवलाय आणि त्याच्यावर माझी सही आहे. मग हा दुसरा कशाला? आणि लपवून का?

वागळे इस्टेटमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात मी बत्तीस वर्षं टेस्टिंगला होतो. पास मालाला हिरवी चिठ्ठी, नापास मालाला लाल, आणि खाली तपासणाऱ्याची सही. मालकाचा भाऊ डोक्यावर येऊन उभा राहिला तरी लोड लावून, म्हणजे पूर्ण भार टाकून, बघितल्याशिवाय मी हिरवी चिठ्ठी दिली नाही. मोहन्यात आमच्या गल्लीत कुणाचा मिक्सर बिघडला तरी लोक म्हणतात, "आधी रवींद्रभाऊंना दाखवा." आणि माझी सख्खी मुलगी माझ्या मागे डबा आणून ठेवते!

"शालन! हे काय आहे?"

बायको कणीक मळत होती. "अहो, रसिकाचं आहे ते. ठेवा जागेवर."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला कळू नये म्हणूनच तर तिथे ठेवलेलं," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

रसिका बिल्डर लोकांसाठी न बांधलेल्या फ्लॅटची चित्रं करते. सोफा, पडदे, खिडकीतून येणारं ऊन, सगळं कॉम्प्युटरवर. एकेका चित्राला आठ-आठ तास लागतात, म्हणून तिने दोन वर्षं पैसे साठवून हे काम भराभर करणारं ग्राफिक्स कार्ड घेतलं. गुरुवारी ते आलं आणि नुसतं टेबलावर बसलं. खोक्यावर लिहिलेलं, साडेपाचशे वॉटचा पुरवठा हवा. आपला पाचशेचा. मी म्हटलं, "कंपन्या वाढवूनच लिहितात गं, लाव बिनधास्त." त्या कार्डाला लागणारी वायर आपल्या डब्याला नव्हती, तर शुक्रवारी खास ठाण्याला जाऊन मी जोडवायर आणली. तिने "थँक्यू पप्पा" म्हणून ती ड्रॉवरमध्ये टाकली. आता कळलं का ते. बाईसाहेबांचा माझ्या मालावर भरवसा नाही!

रसिका डोंबिवलीला एका ऑफिसात गेलेली. ठरवलं, ती यायच्या आत कार्ड बसवून चालू करूनच दाखवायचं. मी स्क्रू काढून कॉम्प्युटरच्या बाजूचा पत्रा उघडला. आत धूळ होती आणि डब्यावर माझी हिरवी चिठ्ठी. बुद्धपौर्णिमा, २०१८. रसिका तेव्हा अकरावीत जाणार होती. शालनने खीर केलेली, शेजारीपाजारी जमलेले, आणि सगळ्यांसमोर मी कॉम्प्युटर जोडून कारखान्यातली उरलेली चिठ्ठी आतल्या डब्याला लावली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रसिका तर उड्या मारत होती.

कार्ड बसवलं, जोडवायर लावली आणि बटणाकडे हात नेला. पण सवय कुठे जाणार? प्लेटवरचे आकडे वाचल्याशिवाय मी कधी कुठलं यंत्र चालू केलं नाही. प्लेट शोधली. ती माझ्या चिठ्ठीच्या खाली होती. मी माझी सही बरोब्बर आकड्यांवर चिकटवून ठेवलेली.

नखाने खरवडून अर्धी चिठ्ठी काढली. बारा व्होल्टच्या खाली लिहिलेलं, सोळा अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव वॉट, कार्ड आणि प्रोसेसरला मिळून एवढेच. कार्ड एकटं एकशे सत्तर वॉट ओढणार, प्रोसेसर पासष्ट, पंखे आणि डिस्क वेगळे. कॅलेंडरच्या मागे तीनदा हिशेब केला, तीनदा तेच आलं. पाचशे हा आकडा फक्त कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात होता. टेंभी नाक्याजवळच्या दुकानातून घेतलेल्या त्या कॅबिनेटबरोबर हा डबा फुकट आलेला, आणि लेकीच्या कौतुकात मी ना प्लेट वाचली, ना लोड लावला. बटण दाबलं असतं तर तिचं दोन वर्षांचं कार्ड मीच जाळलं असतं. मी खाली फरशीवर बसलो.

तेवढ्यात रसिका आली. उघडा कॉम्प्युटर बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"पप्पा, ऑन केलं?"

"नाही."

ती माझ्या शेजारी फरशीवर बसली. मी विचारलं, "तुला कधीपासून माहितीये?"

"सेकंड इयरपासून. मोठी फाइल लावली की धाडकन बंद पडायचा. चिठ्ठीच्या बाजूला मॉडेल नंबर दिसत होता, तो नेटवर टाकून बघितलेला."

"मग इतकी वर्षं?"

"तुकडे तुकडे करून काम करायचे. चालून जायचं."

"अगं, सांगायचं ना! बापाला शिव्या घालायच्या!"

"तुम्ही आल्यागेल्याला पत्रा उघडून चिठ्ठी दाखवायचात, पप्पा. काय सांगणार?"

मला राग आला. तिचा नाही, माझा.

मग नवा डबा आम्ही दोघांनी मिळून बसवला. या वेळी आधी प्लेट तिने मोठ्याने वाचली, बारा व्होल्ट, पंचेचाळीस अँपिअर. "पाचशे चाळीस," दोघंही एकदम म्हणालो. कार्डाला लागणारी वायर नव्या डब्यालाच होती, माझी जोडवायर ड्रॉवरमध्ये परत गेली. तिने सगळ्यात मोठी फाइल लावली आणि अर्धा तास मी मागच्या जाळीला हात लावून बसलो. हवा नुसती कोमट येत होती. पडद्यावर कुणाच्या तरी घरात भराभर ऊन पसरत गेलं.

मी माळ्यावरची पेटी काढली, लाल चिठ्ठी शोधली, तिच्यावर सही केली आणि जुन्या डब्याला लावायला गेलो. बत्तीस वर्षांत मी स्वतः पास केलेल्या मालाला कधी लाल चिठ्ठी लावली नव्हती.

"थांबा," रसिका म्हणाली. तिने उरलेली हिरवी चिठ्ठी नखाने हळूहळू, न फाडता सोडवली.

"ती कशाला? नापास मालाची आहे."

"माल नापास झाला, पप्पा," ती म्हणाली. तिने ती अर्धी चिठ्ठी पत्र्याच्या आतल्या बाजूला चिकटवली, अंगठ्याने दाबली, आणि स्क्रू लावायला पत्रा माझ्या हातात दिला.