बायजाबाईचं मनगट

परसरामच्या रेणूचं लग्न झालं ते दोन हजार तेवीस साल. आमगावची वरात यायला अठरा दिवस उरले होते, आणि रेणू तोंडाला ओढणी गुंडाळून घरात बसली होती. गोरं व्हायची एक ट्यूब तिनं गोंदियाच्या बाजारातून आणून तीन महिने लावली. बंद करताच दोन्ही गालांवर काळे डाग उठले.

तिची आई सुभद्राबाई बायजाबाईला घेऊन आली. या म्हातारीचं सारं आयुष्य जंगलात गेलेलं. चारोळी, आंबेहळद आणि मसुराचं पीठ यांचा तिचा लेप चार गावांत नावाजलेला. तिनं घरच्याच पाट्यावर चारोळी वाटली, लेप कालवला आणि आपल्याच मनगटावर फासला.

"आजी, माह्या तोंडाले लाव ना! नवरी तू होय का?" रेणू चिडली.

"होय तं! पयला नंबर माहाच," बोळक्या तोंडानं म्हातारी हसली. "दोन दिवस थांब."

"दिवस सरून राहिले, अन् तू थांब म्हनते!"

"माह्या हाताले लावल्याबिगर आजवर कोनाच्या तोंडाले लावलं नाही मी."

ती गेली तशी रेणूनं लेपाच्या वाटीत बोट घातलं. सुभद्राबाईनं वाटी हिसकावून घेतली.

तिसऱ्या दिवशी बायजाबाई आली ती मनगटाला चिंधी बांधून. चिंधीखाली पाण्यानं टरारलेले फोड होते.

"सुभद्रे, या पाट्यावर का फोडलं होतं?"

सुभद्राबाईचं तोंड उतरलं. हिवाळ्यात गोडंबी काढायला तिनं त्यावर बिबे फोडले होते. पाटा धुतला होता, पण बिब्याचं तेल दगडात मुरतं आणि कातडी जाळतं.

रेणू फोडांकडे बघत राहिली. ते तिच्या गालांवर उठले असते.

"दुखते का आजी?"

"दुखन नाही तं का? पन मले कोन पाहाले येऊन राहिलं!"

बायजाबाईनं आपल्या घरच्या पाट्यावर पुन्हा लेप वाटला, दुसऱ्या मनगटावर लावला आणि पुन्हा दोन दिवस थांबली. कातडी साफ राहिली, तेव्हाच रेणूच्या गालाला बोट लावलं. हळदीपर्यंत डाग बरेच फिकटले. रंग मात्र बापासारखा सावळाच.

"आजी, गोरी नाही झाली मी."

"माहा लेप डाग काढते, पोरी. तुहा रंग का डाग होय?"

मांडवात रेणू ओढणी न ओढता बसली. पाया पडताना तिनं म्हातारीचं ते भाजलेलं मनगट आपल्या गालाला लावलं.

बायजाबाई दोन हजार चोवीस साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी वारली.