कणगी नसलेलं घर

नगरच्या कोर्टात तेहतीस वर्षं कारकुनी करून बेंजामिन साळवे निवृत्त झाले आणि आठव्याच दिवशी त्यांनी दारू पिण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. तोही आजीव. आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो हे बऱ्याच पिणाऱ्यांच्या गावीही नसतं आणि ज्यांना ठाऊक असतं ते हसून सोडून देतात. बेंजामिनराव सोडून देणाऱ्यांतले नव्हते. परवाना हाती आल्यावर त्यांनी तो लॅमिनेट करून घेतला, आणि मगच वाइन शॉपची पायरी चढले.

दुकानदाराने तो उलटसुलट करून पाहिला. "काका, पंधरा वर्षं झाली दुकानाला. ह्यो कागद दाखवनारं गिऱ्हाईक पयलंच."

"मग नीट बघून ठेव. आणि सिंगल माल्ट व्हिस्की दे. फार महागातली नको, पण भेसळीची नको."

त्याने आपल्याच देशात तयार झालेली एक काढून दिली. विलायती बाटलीच्या निम्म्या किमतीत आणि चवीला तिच्या तोंडात मारेल अशी, असं त्याचं म्हणणं. तो बाटली वर्तमानपत्रात गुंडाळू लागला, तसा बेंजामिनरावांनी कागद बाजूला सारला. भर बाजारातून ते ती दुधाच्या पिशवीसारखी उघड हातात धरून घरी आले.

याला कारण होतं. त्यांचे वडील शांतवन मास्तर नेवाशाला मिशनच्या शाळेत शिकवायचे, आणि ज्वारीच्या कणगीत लपवलेली बाटली काढून मोरीत उभ्या उभ्या प्यायचे. कणगीचं गुपित साऱ्या आळीला ठाऊक होतं. आई मात्र रविवारी चर्चमध्ये मान खाली घालून बसायची. बेंजामिनरावांना दारूचा राग कधी आला नाही. राग होता तो कणगीचा. प्यायची तर उघड, नाहीतर नाहीच, असं त्यांनी ठरवलं होतं. नोकरीत असताना उघड प्यायचं धाडस झालं नाही, म्हणून थेंबालाही शिवले नाहीत.

रेबेकाबाईंनी बाटलीकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे. दर महिन्याच्या प्रभुभोजनात द्राक्षारस म्हणून द्यायला काळ्या मनुका उकळून रस करायचं काम चर्चने त्यांच्याकडे दिलेलं. त्यांच्याच घरात हे.

"मागच्या खोलीत बसा. दार लावून."

"दार लावून बसायचं असेल तर ही आत्ता परत देऊन येतो," बेंजामिनराव शांतपणे म्हणाले. "पुढच्या खोलीत, दार उघडं, आणि तुला ठाऊक असताना. नाहीतर नको."

रेबेकाबाई स्वयंपाकघराकडे वळल्या. "बसा. पण कोणी आलं तर मी तुमची कोणी नाही."

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला ते बसले. नाताळात सरबतासाठी निघणारा काचेचा ग्लास, वाटीत भाजलेले शेंगदाणे, व्हिस्कीत पाण्याचे चार थेंब. बाटलीवर मध, फळं असं काय काय लिहिलेलं होतं. त्यांनी हुंगून पाहिलं, तर नव्या कपाटाच्या पॉलिशचा वास.

रेबेकाबाई खोलीतून जाता जाता थबकल्या. "मनुकांचा वास येतोय. उकळी फुटायच्या आधी येतो ना, तसा."

बेंजामिनरावांनी पुन्हा हुंगलं. खरंच होता. पहिला घोट जिभेला चटका देऊन गेला आणि मागून छातीत गोड ऊब पसरली. आयुष्यात आपण एक गोष्ट अगदी नीट केली, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. उद्याच्या प्रभुभोजनाचा रस न्यायला स्वतः चर्चचे पाळकसाहेब आले होते.

आणि परवानाधारक बेंजामिन साळव्यांच्या हाताने, त्यांना न विचारता, ग्लास उचलून फुलदाणीमागे सरकवला. कणगीत जाणारा वडिलांचा हात त्यांना आठवला. तोच हात. लाजेने त्यांनी मान खाली घातली. बाटली तेवढी टीपॉयखाली होती तशीच राहिली.

"या, बसा. रस तयार आहे," म्हणत रेबेकाबाई रसाची बाटली घेऊन बाहेर आल्या. टीपॉयवर ओलं वर्तुळ होतं आणि ग्लास नव्हता. त्यांनी नवऱ्याचा चेहरा पाहिला, फुलदाणी पाहिली. रसाची बाटली पाळकांच्या हाती दिली, फुलदाणीमागून ग्लास काढला, पदराने वर्तुळ पुसलं आणि ग्लास नवऱ्यापुढे ठेवला.

"व्हिस्की आहे, पाळकसाहेब. आमच्या ह्यांची. परवाना आहे, आजीव. दाखवू?"

पाळकसाहेबांनी एकदा ग्लासाकडे पाहिलं, एकदा हातातल्या बाटलीकडे. "नको, नको. मला आपला चहा चालेल."

"ठेवते." पण त्या आत गेल्या नाहीत. नवऱ्याशेजारची खुर्ची ओढून बसल्या. बेंजामिनरावांची मान अजून खालीच होती.

"घ्या की," त्या हळूच म्हणाल्या. "आपल्या घरात कणगी नाही."

बेंजामिनरावांनी मान वर केली आणि ग्लास उचलला.