चार मिनिटं कुणाच्या नावावर

दुकानदारानं मोटरचा डबा काउंटरवर ठेवला आणि वाइंडरबाईंच्या यजमानांना सांगितलं, "ही घ्या साहेब. हिला ब्रश नाहीत, त्यामुळे झिजायची भानगड नाही. फक्त स्पीड कंट्रोलर वेगळा लागेल."

प्रश्न वाइंडरबाईंनी विचारला होता. यजमान तेव्हा दुकानाच्या छताकडे बघत होते. तिथला पंखा करकरत होता आणि त्याला दोन थेंब तेल मिळायला हवं, असं त्यांचं मत बनत चाललं होतं. जन्मभर शिलाई मशीनं दुरुस्त केलेल्या माणसाला जगातल्या बहुतेक दुःखांवर दोन थेंब तेल हा उपाय दिसतो.

"हिच्या पिनियनला दात किती?" बाईंनी डब्यातल्या इवल्याशा दातेरी चाकाकडे बोट दाखवत विचारलं.

"साहेब, दातांची काळजी सोडा," दुकानदार म्हणाला.

यजमानांनी नकळत कवळीला जीभ लावून पाहिली.

बाई पंख्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं मोटरींना तार गुंडाळत होत्या, म्हणून त्या वाइंडरबाई. तांब्याच्या तारेचे किती वेढे झाले, हे त्या बोटांनी सांगत. मोटर बिघडली की साहेबलोक आधी पुस्तक उघडत आणि मग मुकाट्यानं बाईंकडे येत. निवृत्त होताना सोबतिणींनी विचारलं, भेट काय देऊ? उत्तर भिंतीवरचं घड्याळ असंच येईल, अशी त्यांना खात्री होती. बाईंनी रिमोटवर उडणारं छोटं हेलिकॉप्टर मागितलं. सोबतिणींनी दोनदा विचारून खात्री करून घेतली, एकमेकींकडे पाहिलं आणि आणून दिलं.

शहराबाहेरच्या मैदानावर अशी यंत्रं उडवणाऱ्यांचा क्लब होता. तिथं मोठ्या मैदानात उडवायचं तर आधी परीक्षा द्यावी लागे. चुन्यानं आखलेल्या वर्तुळावर छातीच्या उंचीला हेलिकॉप्टर सलग चार मिनिटं एका जागी धरायचं आणि मग चौकोनात उतरवायचं. पास झाल्यावर कार्ड. ते नसेल तर गोदामाच्या भिंतीलगतच्या पट्ट्यात, गवतात, घोट्याएवढ्या उंचीवर काय करायचं ते करा. बाई दोनदा नापास झाल्या होत्या. दोन्ही वेळा अडीच मिनिटांत मोटर इस्त्रीसारखी तापली आणि हेलिकॉप्टर दमल्या माणसासारखं खाली बसलं.

हात बाईंचा स्थिर होता. दोष मोटरचा होता. पण दुसऱ्या खेपेला परीक्षक यजमानांना बाजूला घेऊन म्हणाला होता, "साहेब, वहिनींना जरा जड जातंय. त्यांना घरात खेळायचं छोटं मॉडेल घेऊन द्या ना."

परीक्षक म्हणजे हाच दुकानदार. क्लबात त्याला कॅप्टन म्हणत. विमानात तो आयुष्यात एकदाच बसला होता, तेही मधल्या सीटवर. क्लबातले पुरुष एकमेकांना दादा, साहेब, डॉक्टर, काहीही म्हणत. बाई मात्र सगळ्यांच्या वहिनी. जणू त्या कुणाच्या तरी सामानाबरोबर मैदानावर आल्या होत्या.

बाईंनी डबा उचलला. "पिनियनला नऊ दात आहेत," त्या म्हणाल्या, "मोजले मी. तुम्ही बोलत होतात तेवढ्यात."

"साहेब, घरी कुणी जाणकार असेल तर त्याच्याकडूनच बसवून घ्या बरं का," दुकानदार यजमानांना म्हणाला.

रस्त्यावर आल्यावर बाई म्हणाल्या, "तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"हेच सांगायचं होतं ना त्याला. एवढंच एक वाक्य."

यजमानांनी विचार केला. वाक्य खरोखरच सोपं होतं.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बाईंनी जुनी मोटर काढली. तिचे कार्बनचे ब्रश झिजून नखाएवढे उरले होते. नव्या मोटरला दोन नाही, तीन तारा होत्या. कंट्रोलर बसवला, तारा जोडल्या, मोटर फिरवली. ती उलटी फिरली. हेलिकॉप्टर उडायचं सोडून टेबलाला घट्ट दाबून बसलं, वर्तमानपत्र चारी बाजूंनी फडफडायला लागलं.

"बिघडलं?" यजमानांनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही. कोणत्याही दोन तारा अदलाबदल केल्या की सुलट फिरते."

"आणि कोणत्या दोन ते कसं कळतं?"

"कोणत्याही, म्हणतेय ना मी."

उरलं एकच काम. पिनियन मोटरच्या दांड्यावर बारीक स्क्रूनं आवळायचं होतं. स्क्रू सैल होऊ नये म्हणून त्याला निळा गोंद लावतात, आणि गोंद धरावा म्हणून दांडा आणि पिनियन कोरडेठाक लागतात. बाईंनी दोन्ही स्पिरिटनं पुसून बशीत ठेवले आणि उजेडात करू म्हणून उठल्या.

सकाळी त्या आंघोळीला गेल्या असताना यजमानांना बशी दिसली. चकचकीत, कोरडं धातूचं काम, कुणी थेंबभर तेलाचीही दया न दाखवलेलं. त्यांचं मन भरून आलं.

बाईंना तेलाच्या त्या पातळ थराचा पत्ताच लागला नाही. त्यांनी गोंद लावला, स्क्रू आवळला, दोन गियरांच्या मध्ये कागदाची पट्टी घालून फट जुळवली, पट्टी काढली. टेबलावर हलकं फिरवून पाहिलं. मोटर गोड आवाजात गुणगुणली. तापली नाही. त्यांनी दोन वेळा हात लावून खात्री केली.

मैदानावर परीक्षेला पाचजण होते. बाईंचा नंबर तिसरा. त्यांनी रिमोटची काडी पुढे सरकवली. मोटर कर्कश ओरडली आणि वरची पाती मात्र वाटसरूंसारखी रमतगमत दोन फेरे फिरून थांबली.

"साहेब," कॅप्टन यजमानांना म्हणाला, "मी म्हटलं होतं ना, जाणकाराकडून बसवून घ्या?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या गुडघ्यावर बसल्या, मोटरपाशी नाक नेलं आणि वास घेतला. हा वास त्यांच्या संसारात अडतीस वर्षं होता. दारांच्या बिजागऱ्यांना, कुलपांना, छत्रीच्या काड्यांना, एकदा तर टाइपरायटरसकट त्यावर काढलेल्या अर्जालाही.

"अहो," त्या म्हणाल्या.

"दोनच थेंब," यजमान म्हणाले. "अगदी कोरडं पडलं होतं गं."

"ते कोरडंच हवं होतं. स्क्रूनं दांडा धरायचा असतो. तुम्ही त्याला घसरगुंडी करून दिलीत."

लोक हसले. कॅप्टननं यजमानांच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं साहेब असं. पहिल्यांदा मोटर बसवताना सगळ्यांचं होतं. पुढच्या वेळी मला फोन करा, मी सांगतो."

आता मात्र बाई उभ्या राहिल्या. चांगलं केलेलं काम यजमानांच्या खात्यात जातं, हे त्यांनी एव्हाना पाहिलं होतं. पण चूकसुद्धा त्यांना मोटर बसवणारा कारागीर बनवून टाकते, हे अतीच झालं.

"मोटर मी बसवली," त्या म्हणाल्या. "तेल यांचं, मोटर माझी. नियमात दहा मिनिटं दुरुस्तीला आहेत. घड्याळ लावा."

प्रथमोपचाराच्या पेटीतून स्पिरिट आलं, यजमानांच्या खिशातून रुमाल. बाईंनी पिनियन उतरवलं, पुसलं, परत चढवलं. गोंद वाळायला वेळ नव्हता; स्क्रू दांड्याच्या सपाट बाजूवर येईल असा बसवून त्यांनी सगळा जीव बोटांत आणून आवळला. फट जुळवायला कागद हवा होता. टेबलावर क्लबच्या नियमांचं पत्रक होतं. त्यांनी समासाची एक पट्टी फाडली.

"वहिनी, ते नियम आहेत," कॅप्टन म्हणाला.

"समास फाडलाय. नियम आहेत तसेच आहेत."

हेलिकॉप्टर उचललं गेलं ते सरळ छातीपर्यंत, आणि तिथं खिळा ठोकल्यासारखं थांबलं. एक मिनिट झालं, दोन झाली. अडीच मिनिटांपाशी हसणारे दोन पावलं पुढे सरकले. तीन मिनिटांना रांगेतला दंतवैद्य हळूच म्हणाला, "कोणती मोटर आहे ही?" आणि उत्तरासाठी त्यानं यजमानांकडे पाहिलं. यजमानांनी बोटानं बायकोकडे दाखवलं. सुधारणा होत होती.

"चार मिनिटं," कॅप्टन म्हणाला आणि नोंदवहीत लिहायला लागला. "उतरवा आता."

बाईंची नजर हेलिकॉप्टरवर होती. "अहो, काय लिहितायत ते वाचा."

यजमानांनी मान लांब केली. "माझं नाव."

"सभासद म्हणून साहेबांचंच नाव आहे ना," कॅप्टन म्हणाला. "कुटुंबात एकच कार्ड. काय फरक पडतो वहिनी?"

"मग मी उतरवत नाही."

हेलिकॉप्टर होतं तिथंच होतं. बॅटरीचा इशारा वाजायला लागला, टीक, टीक, टीक. बॅटरी संपून ते चौकोनाबाहेर पडलं तर नापास, हे बाईंनाही माहीत होतं, तरी त्यांनी अंगठा तसूभरही हलवला नाही. मैदान मोकळं झाल्याशिवाय पुढच्याला उडवता येत नव्हतं. रांगेतून आवाज आला, "अहो कॅप्टन, लिहा ना बाईंचं नाव. काय अडलंय तुमचं?"

"वहीत खाडाखोड चालत नाही. नियम आहे."

दोन टीकांमधलं अंतर कमी होत चाललं. यजमानांनी घसा साफ केला. अडतीस वर्षांत त्यांनी बायकोच्या कामात तेल सोडून काही घातलं नव्हतं.

"खाडाखोड नको," ते म्हणाले. "माझं नाव राहू द्या. पुढे नापास लिहा."

"काय?"

"मी कुठं उडवलंय? मला यातलं काही कळत नाही. उडवलं नाही तो नापासच की. आणि खालच्या ओळीत हिचं नाव घाला, पूर्ण, तिचं स्वतःचं. तिच्यापुढे पास लिहा."

कॅप्टननं रांगेकडे पाहिलं. रांगेनं कॅप्टनकडे पाहिलं. पेन वहीवर टेकलं.

"वाचा," बाई म्हणाल्या.

यजमानांनी बायकोचं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं, आणि त्यापुढचा शब्दही.

हेलिकॉप्टर चौकोनाच्या मधोमध उतरलं. पाती थांबायच्या आत इशाराही गप्प झाला, कारण बॅटरीत वाजण्याइतकंही काही उरलं नव्हतं.

कार्ड बाईंच्या पर्समध्ये होतं. बसथांब्यापर्यंत त्यांनी ते दोनदा काढून वाचलं. यजमान हेलिकॉप्टरची पेटी सांभाळत मागून येत होते, आणि नेहमीपेक्षा जरा जोरात पावलं टाकत होते.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"चौथीपासून कधी नापास झालो नव्हतो मी," यजमान म्हणाले. "आणि त्या कॅप्टननं एका झटक्यात लिहून टाकलं. निदान आधी एकदा उडवू तरी द्यायचं मला."