दामले सरांच्या घरासमोर

दामले सर रोज संध्याकाळी पारकर बुक डेपोत येत आणि पंख्याखालच्या स्टुलावर बसत. कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून ते स्टूल त्यांचंच होतं. राहायला ते समोरच, त्यामुळे चपला घालायचेही कष्ट नसत. दुकानाच्या मालकीणबाई इफ्फत पारकर एकेक पुस्तक काढून देत, कोणतं घ्यावं आणि कोणतं नुसतं चाळावं ते सांगत, वर चहा मागवत. सर निम्मं पुस्तक तिथंच वाचत. आवडलं, की परत देत आणि घरी जाऊन पुण्याला मुलाला फोन करत, "उन्मेष, हे मागव रे नेटवरून. तिथं सूट असते."

साल २००८. आमच्या आळीत पुस्तक घरपोच येणं म्हणजे फणस विमानानं येण्याइतकं अप्रूप होतं.

पण घरपोच यायला आधी घर सापडावं लागतं. दामल्यांच्या दारावर पाटी नव्हती. चोराला आपण होऊन कशाला सांगा, हे सरांचं मत. म्हणून उन्मेषनं पत्त्यात लिहिलं : पारकर बुक डेपोसमोर. त्यात दुपारी एक ते चार सरांची बेल वाजवायला बंदी, आणि कुरिअरवाला विठू हातखंब्याहून नेमका त्याच वेळेत उगवे. मग तो पार्सल इफ्फतबाईंकडे टाके. पुस्तक त्यांनी सुचवलेलं, त्यांच्या कपाटात पडून असलेलं, आणि पोच म्हणून सहीही त्यांचीच. सर वर बजावत, "त्यावर जड काही ठेवू नका हं. कोपरे दुमडतात."

बाईंनी हेही गिळलं.

मे महिन्यात दुकान बंद होणार अशी आवई उठली. ती अगदीच खोटी नव्हती. शेजारचा मोबाईलवाला गाळा मागत होता आणि बाई अजून 'नाही' म्हणाल्या नव्हत्या. सर लगबगीनं आले. बाईंना बरं वाटलं.

"बंद करू नका हो, इफ्फतबाई," सर कळवळून म्हणाले. "आमच्या पत्त्याची पंचाईत होईल."

बाईंनी चहा मागवला. दुसऱ्या दिवशी मोबाईलवाल्याला 'नाही' सांगितलं आणि दुकानाची पाटी उतरवून रंगाऱ्याकडे धाडली. स्टूलही.

"स्टूल कशाला?" सरांनी उभ्यानंच विचारलं.

"त्याचाही रंग उडालाय, सर. बसून बसून."

त्या रविवारी वाचनालयात सरांचं व्याख्यान होतं : 'वाचनसंस्कृती : एक चिंता'. ज्या नव्या ग्रंथावर बोलायचं, तो निम्मा स्टुलावर वाचून झाला होता. उरलेला पार्सलातून यायचा होता.

विठू भर दुपारी आला आणि बिनपाटीच्या दुकानाशी थांबला. "ताई, घ्या."

"कोणाचं?"

"दामल्यांचं. पारकर बुक डेपोसमोर."

"पाटी दिसते कुठे?"

"नाय."

"मग बुक डेपो कुठाय?"

विठू माणूस हुशार. शिवाय सरांनी त्याला कधी पाणीही विचारलं नव्हतं. त्यानं पार्सलावर 'पत्ता सापडत नाही' असं लिहिलं आणि मोटरसायकल वळवली.

शनिवारी सर आले. "पार्सल?"

"परत गेलं. दुकान सापडलं नाही म्हणे."

"अहो, दुकान तर इथंच आहे!"

"मीही लोकांना तेच सांगत असते."

कपाटात एक प्रत होती. सरांनी मान तिरकी करून पाहिली. "जरा चाळू का?"

"घरी नेऊन चाळा. विकतची आहे."

"काही सूट?"

"सूट पुण्याला, सर."

सरांनी घेतली. व्याख्यान उत्तम झालं. गावातली दुकानं मरतायत, असं सरांनी कळवळून सांगितलं, आणि पहिल्या रांगेतल्या इफ्फतबाईंनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. आम्हांला वाटलं, मिटलं.

जूनमध्ये शाळा उघडल्या. बाईंनी आसपासच्या गावांत हँडबिलं वाटली : 'सर्व इयत्तांची पुस्तके मिळतील. पारकर बुक डेपो, दामले सरांच्या घरासमोर. दुकान न सापडल्यास सरांची बेल वाजवावी. दुपारी एक ते चार सर हमखास घरी असतात.'

लोक आज्ञाधारक. छत्र्या निथळत, पोरं काखेत घेऊन बेल दाबू लागले. "पाचवीचं गणित हाय काय?" सर बनियनवर दार उघडत, समोर बोट दाखवत आणि परत आडवे होत. पुन्हा बेल. "मास्तर, वह्या खय गावतील?"

अखेर सर लाल डोळ्यांनी दुकानात आले. "इफ्फतबाई, पाटी लावा."

"रंग वाळत नाही हो. दमट हवा."

"कधी वाळेल?"

बाईंनी कपाटाकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं. मग पहिल्यांदाच न चाळता त्यांनी एक जाडसं पुस्तक काढून गल्ल्यावर ठेवलं.

"बांधून द्या," ते म्हणाले.

"देते की." बाई सावकाश दोरा शोधू लागल्या. "महिन्याला एक घेत गेलात, तर दिवाळीपर्यंत वाळेल."

समोर बेल वाजली. सर धावले.