बिशपच्या जेवणाचा डबा

माझ्या पोटात एकेकाळी व्हॅनिलाची बिस्किटे असत, आता झुरळे असतात. नाक मुरडू नका, मित्रांनो. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, पुढच्या बाजूला गोल काच बसवलेला, आणि मला तक्रार करायची नाही. मला आभार मानायचे आहेत.

डब्यांच्या कारखान्यातून मी थेट ग्वालेग्वाय गावात आलो, देल्फिनाबाई आणि त्यांच्या नवऱ्याच्या वाणसामानाच्या दुकानात. तेव्हा बिस्किटे सुटी, वजनावर विकत. मुले माझ्या काचेला नाक लावून आत बघत आणि देल्फिनाबाई खोटेखोटे रागावून एखादे फुटके बिस्कीट त्यांच्या हातावर ठेवत. रोज संध्याकाळी त्या माझी काच पुसत. दुकानात कुठे झुरळ दिसले, तर पायातली चप्पल त्यांच्या हातात कधी आली हे झुरळालाही कळत नसे.

पुढे बिस्किटे पुड्यांतून येऊ लागली. मालक वारले, दुकान बंद झाले, आणि मी मागच्या खोपटात खिळे आणि मोडकी बिजागरे पोटात घेऊन पडून राहिलो. काचेवर इतकी धूळ बसली की दिवस उजाडलेलाही मला दिसत नसे. त्या वर्षांबद्दल मी फार बोलत नाही.

मला बाहेर काढले ते देल्फिनाबाईंच्या मुलीने, नोएलियाने. ती शिक्षिका आहे. एकदा रस्त्याच्या कामावर चर खणताना लोकांनी एक एस्कुएर्सो घेरला होता. हा मुठीएवढा हिरवा बेडूक. त्याचे तोंड इतके मोठे, की बाकीचा बेडूक मागून चिकटवल्यासारखा वाटतो. तो चावला तर घोडासुद्धा मरतो असे आमच्याकडे लोक अजून मानतात आणि दिसला की काठी शोधतात. नोएलियाने त्याला टोपीत घालून घरी आणले. तो दिवसभर गंभीर चेहऱ्याने, जराही न हलता बसायचा, म्हणून त्याचे नाव बिशप पडले.

बिशपला हलते, जिवंत अन्नच लागते. म्हणून नोएलियाने मला घासूनपुसून लख्ख केले, झाकणाला भोके पाडून आतून जाळी लावली, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचले आणि त्यांत झुरळे सोडली. ही रानातली जात. ती गुळगुळीत पत्र्यावर चढू शकत नाहीत, माद्यांना धड पंखही नसतात. गाजराचा कीस आणि शिळ्या पावाचा चुरा मिळाला की त्यांचे भागते. देल्फिनाबाईंनी मात्र कपाळाला हात लावला. ज्या डब्याने गावाला बिस्किटे खाऊ घातली त्यात हे असले, म्हणून त्या कितीतरी दिवस माझ्याकडे पाठ करूनच जेवायला बसत. मला काही वाईट वाटले नाही. पोटात पुन्हा काहीतरी सळसळत होते. रिकामपण काय असते हे मी खोपटात पुरते अनुभवले होते.

मग नोएलियाला नदीतल्या बेटावरच्या शाळेत बदली शिक्षिका म्हणून नाताळपर्यंत जावे लागले; आमच्याकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो. थंडी सरत आली होती आणि बिशप अजून त्याच्या पेटीतल्या मातीत थंडीची झोप घेत होता. तो जागा होईल तेव्हा भुकेने वखवखलेला असेल, त्याला भरपूर झुरळे लागतील, असे तिने आईला बजावले. डासांसाठी गावभर औषध फवारले जात होते, त्यामुळे अंगणातला एकही किडा त्याला द्यायचा नव्हता. म्हणजे बिशपचा जीव माझ्या पोटातल्या झुरळांवर होता.

देल्फिनाबाईंनी शब्द दिला आणि तो मनापासून पाळला. सगळा घोटाळा झाला तो त्या मनापासूनमुळेच.

आमच्या गावात माते नावाच्या पानांच्या काढ्याचा चोथा कोणी फेकत नाही. नळीने तो कडवट काढा पिऊन झाला की भांड्यातला ओला पाला गुलाबाच्या मुळाशी जातो, टोमॅटोच्या वाफ्यात जातो. जे जगवायचे त्याला चोथा घालायचा, हे इथल्या हातांना शिकवावे लागत नाही. देल्फिनाबाईंनी तो मलाही घालायला सुरुवात केली. सकाळचा घातला, दुपारचा घातला. माझ्या काचेवर वाफ धरली तेव्हा झुरळांना छान ऊब मिळते आहे असे त्यांना वाटले. मी आतून गंजत होतो, पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी चढत होती, झुरळे एकेक करून उताणी पडत होती, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हते.

शेजारच्या झुल्माबाई माते प्यायला आल्या, त्यांनी सहज झाकण उघडले आणि नाकाला बाही लावली. आत हात घालून देल्फिनाबाईंनी पुठ्ठे वर काढले. जिवंत झुरळे मूठभर उरली होती. त्याच आठवड्यात बिशपने मातीतून डोके वर काढले होते. त्याची कातडी सैल पडली होती, कुशी आत गेल्या होत्या.

देल्फिनाबाईंनी बेटावर फोन लावला आणि काय घातले ते सांगितले.

"आई, चोथा तुझ्या गुलाबांना आवडतो," नोएलिया हळूच म्हणाली. "झुरळांना कोरडं लागतं गं."

फोन ठेवून देल्फिनाबाईंनी डोळे पुसले आणि बाह्या वर सारल्या. जन्मभर ज्यांना चपलेने मारले त्यांना त्या बोटांनी उचलून, अंग पुसून, एका पातेल्यात ठेवू लागल्या. मला त्यांनी खरवडून धुतले आणि उन्हात वाळवले. नवे ट्रे आले, सुका चुरा आला, आणि माझी जागा गॅसच्या गिझरशेजारच्या उबदार फळीवर ठरली.

"चाळीस वर्षं झुरळं मारलीस," झुल्माबाई म्हणाल्या, "आणि आता म्हातारपणी त्यांची बाळंतपणं करतेस?"

"करते. तू गाजर किस."

झुल्माबाईंनी गाजर किसले. मग त्यांनी विचारले की उरलेली सगळी झुरळे बिशपला आजच का घालत नाही, बिचाऱ्याचे पोट तरी भरेल.

"दुकानातला सगळा माल एकाच गिऱ्हाइकाला देऊन कुलूप लावायचं का?" देल्फिनाबाई म्हणाल्या. "पंखवाले नर त्याला देते, थोडे थोडे, एक-दोन राखून. माद्या इथंच राहतील. पुढं माझं नशीब आणि त्याचं."

ते दिवस फार अवघड गेले. बिशपसमोर एखादा नर सोडला की तो गपकन गिळायचा आणि आणखी हवा म्हणून बघत राहायचा. तिकडून त्या बेडकाचे डोळे आणि इकडून माझी काच, यांच्यामध्ये देल्फिनाबाई खुर्ची टाकून बसत. माझ्याकडे पाठ करून नव्हे, समोर बसत. मला सांगायला लाज वाटत नाही, दुकानाच्या भरभराटीतही माझ्याकडे कोणी इतक्या आशेने पाहिले नव्हते.

एका सकाळी त्यांनी काचेला नाक लावले आणि तशाच थांबल्या. पुठ्ठ्याच्या खळग्यात एका मादीभोवती तांदळाच्या कण्यांसारखी पांढरी पिल्ले वळवळत होती. मग दुसरीची झाली, तिसरीची झाली. पिल्ले वाढत गेली तशी बिशपची कातडी पुन्हा ताठ झाली. नाताळला नोएलिया घरी आली तेव्हा तो ताटातल्या केकसारखा फुगून बसला होता.

नोएलियाने येताना प्लास्टिकचा मोठा, जाळीचा, नवाकोरा डबा आणला होता. तो तिने माझ्या शेजारी ठेवला. माझ्या कडा गंजल्या होत्या, हे मला ठाऊक होते. खोपटाचा दरवाजा मला फळीवरून दिसत होता.

"हा आता टाकून देऊया, आई. फार जुना झाला."

"टाकून?" देल्फिनाबाईंनी हातातले फडके माझ्या काचेवरून फिरवले. "तो काय रिकामा आहे? आत बिऱ्हाड आहे, पोरी. जास्तीची पोरंबाळं ने तुझ्या नव्या घरात. आयाबाया इथंच राहतील."

मित्रांनो, त्या दिवसापासून मी कोणाचेच जुने सामान नाही. म्हणून एवढेच मागतो. कोणाला जीव लावलात, की आपल्याला काय आवडते ते त्याच्या पुढ्यात ओतू नका. आधी जरा काचेला नाक लावा, आत डोकावा आणि त्याला काय मानवते ते बघा.