वॉर्डातलं नाव

माझ्या मुलीचं नाव तिच्या बापाने चुकून ठेवलं. लिहिण्यातली चूक नव्हे. इस्पितळातल्या जन्मनोंदणीच्या खिडकीवर बाईने विचारलं, "बाळाचं नाव?" आणि त्याने सरळ सांगून टाकलं, "निगा." बाईने लिहिलं, शिक्का मारला, कागद बाहेर सरकवला. तो कागद फडकवत नवरा जिना चढून वर आला.

"अरे, आपलं नाव ठरलं होतं ना?" मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "हो की. पण तिने विचारलं तेव्हा मला वाटलं, हिचं नाव आहेच."

त्याच्यावर चिडायची सोय नव्हती. एकतीस दिवस आम्ही तिला दुसऱ्या कुठल्या नावाने हाकच मारली नव्हती. ती दोन महिने आधी आली, एक किलो शंभर ग्रॅमची. नवजात बाळांच्या वॉर्डात काचेच्या पेटीत तिला ठेवलं होतं. त्या वॉर्डाची एक रीत होती. ज्या बाळाला अजून नाव नाही, त्याला सिस्टरच एक कामापुरतं नाव देत आणि पेटीवरच्या पांढऱ्या चिकटपट्टीवर निळ्या पेनने लिहीत. घरी जाताना पट्टी काढून टाकायची, मग आईबाप आपलं नाव ठेवायला मोकळे. आमच्या शेजारच्या पेटीत 'राजे' होते. पलीकडे 'मॅडम', कारण दुधाला दोन मिनिटं उशीर झाला की ती सगळा वॉर्ड डोक्यावर घ्यायची. आमच्या पट्टीवर मोठ्या सिस्टरनी लिहिलं होतं, 'निगा'.

माझं ठरलेलं नाव लग्नाआधीपासून वहीत होतं. गोड, दोन अक्षरी. इतकं गोड की आमच्या एका इमारतीतच त्या नावाच्या तीन मुली निघाल्या. तरी ते माझं होतं. नावात बदल करायचा तर सहा महिन्यांच्या आत अर्ज द्यायचा, असं त्या कागदाच्या पाठीमागे बारीक अक्षरात छापलेलं होतं. मी अर्ज आणून भरून ठेवला, आणि मग तो देणं रोज उद्यावर गेलं. पाच महिन्यांच्या बाळाबरोबर सगळंच उद्यावर जातं.

दरम्यान घरच्यांनी नावाला नावं ठेवून घेतली. सासूबाई म्हणाल्या, "निगा? ती तर यंत्राची राखतात. मुलीचं नाव आहे की पंख्याबरोबर आलेलं पत्रक?"

"आई, मी नाही ठेवलं. तुमच्या लेकाने ठेवलंय."

"मग बरोबर. लहानपणी त्याने कासवाचं नाव 'कासव' ठेवलं होतं."

नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, शाळेत पोरं छळतील गं." मुलांच्या नावांच्या ज्या ज्या याद्या फोनवर सापडल्या त्या मी दुपारभर चाळल्या. एकीतही हे नाव नव्हतं. एका यादीने विचारलं, तुम्हाला 'निशा' म्हणायचं आहे का. शेवटी कपाटावरून कॉलेजातला जाडा शब्दकोश काढला. तिथे दीड ओळ होती. शब्द फारसीतून आला. तिकडे त्याचा अर्थ नजर, पाहणं. आपल्याकडे येऊन तो सांभाळणं झाला, काळजी घेणं झाला. मी ती दीड ओळ बऱ्याच वेळा वाचली. मी जन्मजात बघणारी बाई आहे. बाळ झोपलं की नाकाशी हाताची पाठ धरून बघते, दाराची कडी तीनदा बघते, दूध किती, लंगोट किती ओले, सगळं वहीत मांडून ठेवते. यावरून मी जन्मभर बोलणी खाल्ली आहेत. माझं हे बघणं कुठल्यातरी भाषेच्या वाटेने जाऊन चांगल्या कामात जमा झालं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नाव मला आवडू लागलं होतं, हे खरं. आणि म्हणूनच भीतीने डोकं वर काढलं.

कपडे वाळत घालताना एकदम आठवलं. आमच्या शेजारचे 'राजे' सोमवारी घरी गेले होते, आणि बुधवारी त्याच पेटीत दुसरे 'राजे' आले होते. म्हणजे वॉर्डातली नावं फिरतात. मग माझ्या मुलीच्या आधी निगा कोण होती? आणि तिचं काय झालं? हातातलं झबलं तसंच राहिलं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझं मन तर हे काम नेमाने करतं. कुणा दुसरीचं अर्धवट राहिलेलं काही मी माझ्या मुलीच्या गळ्यात तर बांधत नाही ना?

नवऱ्याला सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचं भलेपण. "मोठ्या सिस्टरना जाऊन विचार ना."

"आणि वाईट निघालं तर?"

"तर अर्ज आहेच. नऊ दिवस आहेत अजून."

दुसऱ्या दिवशी दुपारी, त्यांची पाळी संपायच्या सुमाराला, मी बाळाला घेऊन गेले. बाहेरून आलेल्या बाळाला वॉर्डात नेत नाहीत, म्हणून आम्ही आयांच्या खोलीत बसलो. तीच खोली. भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या, दूध काढायची दोन यंत्रं, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन आणि त्यावर 'कोपरापर्यंत धुवा' अशी पाटी. इथे मी एकतीस दिवस बसले होते आणि खोलीला एवढी मोठी खिडकी आहे हे मला आत्ता दिसत होतं.

मोठ्या सिस्टर आल्या, आधी कोपरापर्यंत हात धुतले, मग बाळाला उचललं आणि हातावर तोललं. "सहा किलोच्या वर आहे."

"सहा दोनशे."

"वही चालू आहे वाटतं अजून?"

"दुसरी लागली."

"या बाईने आम्हाला सळो की पळो केलं होतं," त्या बाळाला म्हणाल्या. "मी लिहिलेला आकडा ही परत लिहायची. मग दोन्ही जुळतात का बघायची." पण ते तक्रारीच्या सुरात नव्हतं.

मी सगळं सांगितलं. खिडकी, कागद, अर्ज. आणि मग धीर करून विचारलं, "सिस्टर, हे नाव आलं कुठून?"

त्या खुर्चीत टेकल्या, बाळाला मांडीवर आडवं घेतलं. "अगं, सव्वीस वर्षांपूर्वी मी इथे नवी होते. तेव्हा बाळांना नंबर असायचे. पाळी बदलताना आम्ही एकमेकींना सांगायचो, तीन नंबरला दर दोन तासांनी दूध, चार नंबरचं अंग गरम आहे. एकदा फरशी धुवायला पेट्या सरकवल्या, आणि परत लावताना तीनची चार झाली, चारची तीन. चार नंबरचा होता भोकाड पसरणारा. त्याने आपलं दूध मिळवलं. तीन नंबरची मुलगी रडतच नसे. ती चार तास उपाशी राहिली आणि आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही."

"मग?"

"काही झालं नाही तिला. पण मला त्या दिवशी घास गेला नाही. दुसऱ्या दिवशी मी चिकटपट्टी आणली. म्हटलं, आता नंबर नाही, नाव. तिचं नाव सुचेना. मला कुठे असलं काव्य येतंय. पण पाळी संपवून निघताना आम्ही एकमेकींना एवढंच म्हणायचो, हिची निगा ठेव. तेच लिहिलं. म्हणजे नाव घेतलं की काम आठवतं."

"मग सगळ्यांनाच देता का?"

"छे. राजे, मॅडम, ही आमच्या तरुण सिस्टरांची थट्टा. हे नाव मी देते, आणि तेही जी अजिबात रडत नाही तिलाच. जी गडबडीत राहून जाईल तिला. दोन-तीन वर्षांत एखादी असते."

माझा पुढचा प्रश्न त्यांनी माझ्या तोंडावर वाचला असावा. त्या बाळाचे पाय चोळत म्हणाल्या, "तुझी धरून अकरा झाल्या. नऊजणी घरी गेल्या."

खोलीतलं एक यंत्र कुणीतरी चालू ठेवून गेलं होतं. ते घरघरत होतं. मी उठून बंद केलं आणि परत बसले.

"आणि त्या दोघी?"

"एक सहा दिवस होती. एक एकोणीस." त्यांनी हे हळू आवाजात वगैरे सांगितलं नाही, वजन सांगतात तसं सांगितलं. "त्यांना दुसरं नाव मिळालं नाही. हेच काय ते. एकोणीस दिवसवालीचा बाप जाताना पट्टी मागून घेऊन गेला. नंबर असता तर त्याने काय नेलं असतं?"

मी भीत होते ते हेच होतं, आणि एकाऐवजी दोन निघालं होतं. पण डोक्यात भलताच हिशेब चालू झाला. एकतीस दिवस, दिवसाला तीन पाळ्या. म्हणजे त्र्याण्णव वेळा कुणीतरी थकलेल्या बाईने ताज्या बाईला हा शब्द सांगितला होता, आणि त्र्याण्णव वेळा ताज्या बाईने तो ऐकून घेतला होता. त्यातल्या किती वेळी मी खुर्चीत मान टाकून झोपले होते, कुणास ठाऊक. मी एकटीच बघते आहे, असं मला तेव्हा वाटायचं.

"बाकीच्या आठजणींची नावं घरच्यांनी बदलली," सिस्टर म्हणाल्या, "ते रीतीप्रमाणेच आहे. तुझा नवरा पहिलाच, जो वॉर्डाचं सामान घरी घेऊन गेला."

"मग राहू दे त्याच्याकडे," मी म्हटलं. "नाव हेच राहील."

त्यांनी मान हलवली, पण चेहरा मोकळा झाला नाही. "तर एक सांगते. आता हे नाव मी वॉर्डात बंद करणार. ते कुणाचं तरी झालं. उद्या आत एखादीचं बरंवाईट झालं तर तुझ्या मनाला उगाच नको. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे."

"आत आहे का कुणी आत्ता?"

"आहे. परवा आली. नऊशे ऐंशी ग्रॅम. पट्टी कोरी ठेवलीय."

"रडते?"

"नाही."

मी लगेच उत्तर दिलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी त्यांच्या मांडीवरच्या बाळाच्या टोपड्याची गाठ सोडली, परत बांधली. त्या मुलीचं काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि जे होईल ते माझ्या मुलीच्या नावाने होणार होतं. नको म्हटलं असतं तर कुणी बोल लावला नसता. सिस्टरनी तर वाट करूनच दिली होती. पण नको म्हणायला शब्द जुळवू लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझ्या आधीच्या दहाजणींपैकी कुणाच्याही आईने हे नाव अडवून धरलं असतं, तर माझ्या पेटीवर काय असतं? कोरी पट्टी.

"तिलाच लिहा," मी म्हटलं. "माझ्या मनाचं मी बघेन."

सिस्टरनी बाळ माझ्याकडे दिलं, खिशातलं निळं पेन चाचपलं आणि आत गेल्या. थोड्या वेळाने त्यांच्याबरोबर एक मुलगी बाहेर आली. माझ्याहून लहान असावी. हिरवा डगला उलटा घातलेला, पायात दोन वेगळ्या चपला.

"ही बघ," सिस्टर तिला म्हणाल्या, "ही पण इथलीच निगा. अकराशेची होती." आणि रजा घेतल्यासारखा हात करून आपल्या पाळीचं लिहायला निघून गेल्या.

ती मुलगी माझ्या बाळाच्या मांड्यांकडे बघत उभी राहिली. हात लावू का, असं तिला विचारायचं होतं, पण बेसिनवरची पाटी बघून ती मागे सरली.

"माझी रडत नाही हो," ती म्हणाली. "सगळ्यांची रडतात."

"ही पण नव्हती रडत."

"मग कधी रडली?"

"बाविसाव्या दिवशी," मी म्हटलं, आणि तिच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली. ती बसली. आवाज केवढा होता, कुणाला आधी ऐकू आला, मी हातातली वाटी कशी खाली टाकली आणि सिस्टर मला रागवायचं सोडून हसत का सुटल्या, ते मी तिला पहिल्यापासून सांगायला लागले.